लहान मुलाचा दात काढायचा आहे: घरची तयारी, खुर्चीतली वेळ आणि नंतरचे दोन दिवस

दंतकळी (बालदंतवैद्य)

मुलांच्या दातांविषयीच्या धाग्यांवर हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि उत्तरं विखुरलेली राहतात, म्हणून एकत्र लिहिते आहे. जाणकारांनी भर घालावी. ज्यांच्या मुलाची तारीख ठरली आहे त्यांनी प्रश्न इथेच विचारावेत.

सगळ्यात आधी, दात काढायलाच हवा का हे विचारून घ्या. कीड दुधाच्या दाढेच्या नसेपर्यंत गेली असली तरी मुळं शाबूत असतील तर लहान मुलांचं रूट कॅनल करून वर स्टीलची टोपी बसवता येते. ती दाढ मग पडायच्या वयापर्यंत टिकते. मुळांच्या मधलं हाड झिजलं असेल, दात हिरडीपर्यंत तुटला असेल, पू परत परत होत असेल किंवा कायमचा दात अगदी वर आला असेल, तर काढणंच बरं. 'दुधाचाच तर आहे, टाकू काढून' असं एक्स-रे न बघता कुणी म्हणालं तर एक्स-रेचा आग्रह धरा. आणखी एक: सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे जी दाढ येते ती कायमची असते. तिच्या जागी आधी काहीच पडलेलं नसतं, त्यामुळे पुष्कळ घरांत तिला दुधाची समजतात आणि किडू देतात.

आता भीतीचं. खुर्चीत बसायला ठाम नकार देणाऱ्या मुलांना घरून बहुधा 'काही करणार नाहीत, नुसतं बघतील' असं सांगून आणलेलं असतं. मूल येतं, ट्रेमधली हत्यारं बघतं, आणि त्या क्षणापासून आईवडिलांचंही ऐकेनासं होतं. म्हणून खरं सांगा, पण थोडं सांगा. तीन गोष्टी पुरतात: दात बधिर करणार, मग दाबल्यासारखं वाटेल आणि कटकट आवाज येईल, मग दात निघेल आणि कापडाची घडी चावून बसायचं.

दाब आणि दुखणं यांतला फरक घरीच समजावून ठेवा, याचा फार उपयोग होतो. भुलीचं औषध दुखणं थांबवतं, दाब थांबवत नाही. ज्या मुलाला हे माहीत नसतं ते दाब जाणवला की 'दुखतंय' म्हणून ओरडतं, डॉक्टरांना कळत नाही की बधिरपणा कमी पडला की नुसता दाब आहे, आणि विनाकारण दुसऱ्यांदा टोचावं लागतं. मुलाचा दंड तळहातात धरून घट्ट दाबा आणि हलवा: 'हे दाबणं.' मग हलकासा चिमटा: 'हे दुखणं.' दोनचारदा करून त्यालाच ओळखू द्या. मी खुर्चीतही हेच शब्द वापरते, त्यामुळे घरी झालेलं असलं की काम निम्मं होतं.

कधी सांगायचं? तीन-चार वर्षांच्या मुलाला आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी सकाळी. पाच ते सात वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी. आठच्या पुढच्या मुलाला तारीख ठरली की लगेच, कारण ते फोनवरचं बोलणं ऐकतंच आणि लपवलंय हे कळलं की जास्त बिथरतं.

'उपटणार', 'खेचणार', 'रक्त येईल' हे शब्द टाळा. 'दुखणार नाही' हेही टाळा. मुलाने दुखण्याचा विचारच केलेला नसतो, तो या वाक्याने डोक्यात शिरतो. आणि 'मस्ती केलीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील' ही धमकी ज्या घरात वर्षभर चालते, तिथे ऐन वेळी कितीही गोड बोललं तरी उपयोग होत नाही. ती आजपासून बंद करा.

कृष्णाकाठ

धागा अगदी वेळेवर आला. मुलगी ६ वर्षांची, खालची डावी दुसरी दुधाची दाढ, शुक्रवारी संध्याकाळी सहाची वेळ. एक्स-रे झाला आहे, काढावीच लागेल म्हणाले. ती सारखी एकच विचारते: 'सुई असेल का?' काय सांगू?

दंतकळी

कृष्णाकाठ, पहिलं काम म्हणजे वेळ बदलून घ्या. सकाळी दहा-अकराची मागा. संध्याकाळी सहाला शाळेतून आलेलं, थकलेलं, भुकेलेलं मूल असतं. शिवाय बधिरपणा उतरायला तीन तास लागले तर नऊ वाजतात, मूल झोपेला येतं आणि झोपेत ओठ चावतं. सकाळी काढलं तर दिवसभर तुमचं लक्ष राहतं, आणि रक्त थांबलं नाही तर दवाखाना उघडा असतो. शुक्रवारही नको वाटतो, रविवारी काही शंका आली तर डॉक्टर भेटत नाहीत. मंगळवार-बुधवार बघा.

सुईचं: तिने विचारलं आहे, तेव्हा 'नाही' म्हणायचं नाही. 'हो. आधी हिरडीला गोड वासाची जेली लावतील. ती झोंबली तर सांग. मग दाढेजवळ औषध देतील, तेव्हा टोचल्यासारखं वाटेल. आपण दोघी दहा मोजू.' एवढंच. लांबी, जाडी, कुठे टोचतात यात शिरू नका. तिने विचारलंच नसतं तर 'दाताला बधिर करायचं औषध' एवढं पुरलं असतं.

डॉक्टर काय करतील हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते. जेली लावण्याआधी हिरडी कापसाने कोरडी करायची असते. ओल्या हिरडीवर जेली थुंकीबरोबर वाहून जाते आणि जिभेला, घशाला बधिरपणा येतो, मग मूल घाबरतं. जेली एक-दोन मिनिटं ठेवायची. इंजेक्शन हळू द्यायचं, १ मिलिलिटरला साधारण एक मिनिट. घाईने दिलं की टोचण्यापेक्षा औषधाच्या दाबानेच जास्त दुखतं. आपल्याकडे बहुतेक बधिर करायचं २ टक्के लिग्नोकेन (१ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम) आणि सोबत अ‍ॅड्रेनलिन असतं. लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे ४.४ मिलिग्रॅम. तुमची मुलगी २० किलोची धरली तर ८८ मिलिग्रॅम, म्हणजे ४.४ मिलिलिटर. दुधाच्या एका दाढेला एक-दीड मिलिलिटर पुरतं. म्हणून वजन आदल्या दिवशी नीट करून जा, अंदाजे सांगू नका. अ‍ॅड्रेनलिनमुळे दोन-तीन मिनिटं छातीत धडधडल्यासारखं होऊ शकतं. मूल म्हणालं तर 'औषधामुळे होतं, आत्ता थांबेल' असं सांगा.

वरच्या दाढा दोन-तीन मिनिटांत बधिर होतात. खालच्या मागच्या दाढेला जबड्याच्या मागे ब्लॉक (मुख्य नसेजवळ इंजेक्शन) द्यावा लागला तर पाच मिनिटं किंवा जास्त थांबावं लागतं. अर्धा ओठ आणि जीभ जाड लागायला लागली की औषध लागू झालं. या मधल्या वेळात मूल तुमच्याशी बोलेल अशी बसण्याची सोय मागून घ्या. खुर्चीत एकटं आडवं ठेवलं की भीती तिथेच वाढते.

रानजाई (बालमानसशास्त्रज्ञ)

दंतकळींच्या मुद्द्यांशी सहमत. एक भर आणि एक छोटा मतभेद.

मतभेद 'सांगून, दाखवून, मग करणं' या पद्धतीबद्दल. ही पद्धत १९५९ पासून बालदंतवैद्यकात रूढ आहे आणि उत्तम आहे, पण घरी पालक ती अर्धवट वापरतात. मोबाईलवर दात काढण्याचे व्हिडिओ दाखवतात. कृपया दाखवू नका. त्यात क्लोजअप असतात, रक्त असतं, आणि मुलाच्या हातात थांबवायचं काहीच नसतं. दाखवायचं असेल तर आरसा, फिरता ब्रश, पाणी ओढणारी नळी, वरखाली होणारी खुर्ची. तेही दवाखान्यात, डॉक्टरांच्या हातून. शक्य असेल तर दात काढण्याआधी एक फेरी नुसती दात मोजायची आणि खुर्चीत बसायची ठेवा.

'मुंगी चावल्यासारखं' हे आपल्याकडे सगळेच म्हणतात. ज्या मुलाला लाल मुंगी कडकडून चावली आहे त्याला त्याने धीर येत नाही. त्या मुलाला कशाची भीती नाही हे बघून शब्द निवडा.

घरची तालीम अशी करा. मुलीला पलंगावर उताणं झोपवा, डोकं तुमच्या मांडीवर. टॉर्चने तोंडात उजेड पाडा, ब्रशच्या टोकाने एकेक दात हलकेच मोजा, दुधाचे वीस आणि सहाव्या वर्षीच्या नव्या दाढा आल्या असतील तर त्या धरून. तोंड उघडं ठेवून नाकाने श्वास घ्यायचा: पहिल्यांदा दहा आकड्यांपर्यंत, मग वीस, मग तीस. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाला दवाखान्यात गुदमरल्यासारखं होतं आणि पालक ते भीती समजतात. मग मुलीला डॉक्टर होऊ द्या, तुम्ही आडवे व्हा.

थांबण्याची खूण ठरवा: डावा हात वर. डॉक्टर बहुधा उजवीकडे बसतात, म्हणून उजवा हात वर गेला तर त्यांच्या कोपराला लागतो. ही खूण तालमीतही पाळा. तिने हात वर केला की तुमचा ब्रश लगेच बाहेर. आणि डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. खूण शिकवली आणि दवाखान्यात कुणी थांबलंच नाही, तर ती न शिकवलेली बरी. दात हलवत असताना एखाद्या क्षणी थांबता येत नाही, तेही आधी सांगायचं: 'तीन मोजून थांबू.'

आत एकच मोठं माणूस, आणि त्याने बोलायचं कमी. डॉक्टर बोलत असताना आई 'बघ हं, काही नाही हं, झालंच हं' म्हणत राहिली की मुलाला कुणाचं ऐकावं कळत नाही. इंजेक्शन बघून ज्याला स्वतःला घेरी येते त्याने बाहेर बसावं. आजी, आजोबा, मामी सगळे सोबत नेऊ नका.

बक्षिसाबद्दल: 'रडली नाहीस तर सायकल' ही अट घालू नका. रडणं तिच्या हातात नसतं. तोंड उघडं ठेवणं, हात पोटावर ठेवणं हे तिच्या हातात असतं, शाबासकी त्याची द्यायची. रडत रडत तोंड उघडं ठेवणारं मूल उत्तम सहकार्य करतं आहे.

हेमाआजी

नातवाचा वरचा डोळ्याचा दात काढायला सांगितला आहे, ११ वर्षांचा आहे. वरचे दात काढले की नजर कमी होते असं लहानपणापासून ऐकत आलो. खरं आहे का? आणि ठणका लागला तर लवंगेचं तेल लावावं का?

दंतकळी

हेमाआजी, नजरेला काहीही होत नाही. सुळ्याची मूळ लांब असते आणि तो डोळ्याच्या रेषेत असतो, म्हणून त्याला डोळ्याचा दात म्हणतात. डोळ्यांना दृष्टी देणारी नस वेगळी आणि वरच्या दातांची नस वेगळी, दोघींचा संबंध नाही. एवढीच विनंती की ही शंका नातवासमोर बोलू नका. अकरा वर्षांचं मूल हे ऐकून रात्रभर जागतं आणि कुणाला सांगत नाही.

लवंगेचं तेल थेट हिरडीवर लागलं तर ती भाजल्यासारखी पांढरी पडते. लहान मुलाच्या पोटात गेलं तर विषबाधा होऊ शकते. लावू नका, आणि दात काढल्यावर त्या खड्ड्यात तर अजिबात नाही. खड्ड्यात हळदही भरायची नाही, रक्ताची गुठळी हलते.

दुखऱ्या दाढेवर मिश्री चोळायची पद्धत अजून खूप घरांत आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. मुलाच्या हिरडीतून निकोटिन अंगात भिनतं: चक्कर, उलटी, घाम. मिश्री मुलाच्या तोंडाजवळही नेऊ नका.

गालाला सूज असेल तर बाहेरून गरम शेक देऊ नका. आतला पू बाहेरच्या कातडीकडे ओढला जातो आणि गालावर फुटून व्रण राहतो. सूज डोळ्यापर्यंत चढली, जबड्याखाली उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा सोबत ताप असेल तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि पू असलेल्या जागी भूल नीट लागत नाही हे पालकांना माहीत असावं. तिथली आम्लता औषधाला काम करू देत नाही. कधी कधी आधी पू काढून एक-दोन दिवसांनी दात काढतात, ती टाळाटाळ नसते.

खलबत्ता (औषधनिर्माता)

डोसचं लिहितो, दुकानात यावरून सर्वांत जास्त घोळ होतात.

पॅरासिटामॉल: वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ६ तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. घोळ सिरपच्या ताकदीत होतो. एकाच नावाची बाटली ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमची आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमची, अशी मिळते. २० किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम लागतात: २५० च्या बाटलीतून ६ मिलिलिटर, १२५ च्या बाटलीतून १२ मिलिलिटर. मागच्या वेळी एक बाटली होती, या वेळी दुसरी आणली आणि माप तेच ठेवलं, की डोस निम्मा किंवा दुप्पट होतो. बाटलीसोबतचं मापाचं झाकण किंवा सिरिंज वापरा, घरातला चमचा नको.

आयबुप्रोफेन: किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, ८ तासांनी, खाल्ल्यावरच. दमा असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारूनच. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर अजिबात नाही, रक्तस्राव वाढतो. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेलं सिरप दिलं असेल तर वरून वेगळं पॅरासिटामॉल देऊ नका.

अ‍ॅस्पिरिन मुलांना नाही. निमेसुलाइडवर भारतात २०११ पासून बारा वर्षांखालच्या मुलांसाठी बंदी आहे, तरी जुनी चिठ्ठी घेऊन लोक मागायला येतात. अँटिबायोटिक डॉक्टरांनी लिहिलं तरच. आरोग्यवान मुलाचा साधा दात काढला तर ते बहुधा लागतच नाही.

वेदनाशामक बधिरपणा उतरायच्या आधी द्या. ठणका सुरू झाल्यावर दिलं तर लागू व्हायला अर्धा-पाऊण तास जातो, आणि तेवढ्या वेळात मूल ठरवून टाकतं की दात काढणं वाईट होतं.

शुद्धीवर (भूलतज्ज्ञ, नागपूर)

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. नुसती जागेवरची भूल असेल तर मुलाला जेवू घालून न्या. एक-दीड तास आधी पोळीभाजी, उपमा, वरणभात, काहीही नेहमीचं. 'रिकाम्या पोटी न्यायचं' हा समज इथे उलटा पडतो: उपाशी मूल चिडचिडं होतं, साखर कमी होऊन चक्कर येते, आणि नंतर दोन-तीन तास खाताही येत नाही.

गुंगीचं औषध किंवा पूर्ण भूल असेल तर मात्र उपास सक्तीचा. घट्ट अन्न आणि गाईम्हशीचं किंवा डब्याचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. तळलेलं, तुपकट खाल्लं असेल तर ८ तास. चहा दुधाचा असतो, तो अन्नात धरा. ताकही अन्नात. भुकेलं मूल रडतंय म्हणून आजीने गुपचूप बिस्किट दिलं आणि ते सांगितलं नाही, तर भुलीत उलटी होऊन अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. दिलंच असेल तर सांगा. तारीख पुढे जाईल, एवढंच होईल.

नाकाने हुंगायचा वायू, नायट्रस ऑक्साईड, आता बऱ्याच शहरांत मिळतो. मूल जागं राहतं, फक्त सैल होतं. पण नाक मोकळं हवं. सर्दी असेल तर लागू होत नाही. शेवटी पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन देतात, तोवर उठायची घाई करू नका. नाकावरचा मास्क घरी आधीच ओळखीचा करा, स्टीलची वाटी नाकावर धरून श्वास घ्यायचा खेळ पुरतो.

विदर्भ आणि नंदुरबार-धुळ्याकडच्या पालकांना खास सांगतो: घरात कुणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल आणि मुलाची तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. सिकलसेल असलेल्या मुलाला पाणी कमी पडणं, गारठा आणि ऑक्सिजन कमी होणं या तिन्ही गोष्टी त्रासाला निमंत्रण देतात. लांबचा उपास, थंडगार एसीची खोली, सगळं सांभाळावं लागतं. जन्मजात हृदयविकार, हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार), फिट्स, नुकताच झालेला डेंग्यू, घोळणा वारंवार फुटणं (नाकातून रक्त येणं), पडल्यावर सहज काळेनिळे डाग पडणं, चालू असलेली औषधं, हे सगळं कागदावर लिहून न्या. काही हृदयविकारांत दात काढण्याआधी अँटिबायोटिकचा एकच डोस अर्धा ते एक तास आधी द्यावा लागतो. तो चुकला तर दात काढण्याआधी डॉक्टरांना सांगा.

वाटाड्या (ऑक्युपेशनल थेरपिस्ट)

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) किंवा स्पर्श, आवाज सहन न होणाऱ्या मुलांसाठी तालीम दोन-तीन आठवडे आधी सुरू करा. दवाखान्याचे फोटो काढून आणा: दार, बाकडं, खुर्ची, दिवा, डॉक्टर मास्कशिवाय आणि मास्क लावून. ते क्रमाने चिकटवून रोज एकदा बघा. खुर्चीवरच्या दिव्यासाठी गॉगल, आवाजासाठी कान झाकणारा हेडफोन. एक्स-रेच्या वेळचा जड एप्रन अंगावर ठेवला तर पुष्कळ मुलं शांत होतात, मागून घ्या. दिवसाची पहिली वेळ घ्या म्हणजे बाकड्यावर थांबावं लागत नाही. आणि जेलीचा वास-चव आधी विचारून घ्या. स्ट्रॉबेरीचा वास सहन न होणारं मूल तिथेच हातचं जातं.

कोकणकडा

मुलगा ७ वर्षांचा. खालचे दोन नवे दात दुधाच्या दातांच्या मागून आलेत, दुहेरी रांग दिसते. दुधाचे थोडे हलतात. लगेच काढायला हवेत का? घरात सगळे दोरा बांधून ओढू म्हणतायत.

दंतकळी

सहा ते आठ या वयात हे फार नेहमीचं आहे. दुधाचे हलत असतील तर थांबा. त्याला जिभेने, स्वच्छ बोटाने रोज हलवू द्या, गाजर, काकडी, भाजलेलं कणीस पुढच्या दातांनी चावू द्या. ते पडले की मागचे दात जिभेच्या दाबाने बरेचसे पुढे येतात. दोन-तीन महिन्यांत पडले नाहीत, किंवा मुळीच हलत नसतील, तर दाखवून काढा. मूळ बहुधा विरघळत आलेलं असतं, काम छोटं असतं.

दोरा नको. दात अर्धवट धरलेला असेल तर मुळाचा तुकडा आत राहतो, हिरडी फाटते, आणि पुढच्या वेळी मूल तोंडच उघडत नाही.

कृष्णाकाठ

वेळ बुधवारी सकाळी साडेदहाची मिळाली. वजन १९ किलो. 'दाबणं-दुखणं' खेळ तिला आवडला, आता आम्हाला सगळ्यांना दाबत फिरते. नंतरचं सांगाल का? खायला काय, शाळा कधी, आणि तिला दात घरी हवा आहे.

दंतकळी

दात: डॉक्टरांना आधी सांगून ठेवा आणि घरून झाकणाची डबी न्या. पण किडलेली दाढ तुकड्यांत निघू शकते, हे तिलाही आधी सांगा. तुळशीत पुरायचा की कौलांवर टाकायचा हे तिला ठरवू द्या, परतीच्या वाटेवर तिच्याशी बोलायला विषय मिळतो.

गॉझची घडी २० ते ३० मिनिटं घट्ट चावायची. दर दोन मिनिटांनी काढून बघायचं नाही, बघितलं की गुठळी निघते. थुंकायचं नाही, लाळ गिळायची. रक्ताचा एक थेंब वाटीभर लाळेला गुलाबी करतो, त्याला रक्तस्राव समजू नका. घरी परत वाहायला लागलं तर स्वच्छ सुती कापडाची घडी उकळून गार केलेल्या पाण्यात ओली करून पिळा आणि पुन्हा अर्धा तास चावायला द्या. ताठ बसवून, आडवं नाही. सुटा कापूस नको, तो गुठळीला चिकटतो. दोनदा असं करूनही थांबलं नाही तर फोन करा.

पहिले तीन तास सगळ्यात मोठा धोका रक्ताचा नाही, ओठाचा असतो. बधिर ओठ मुलाला गंमतीचा वाटतो, ते चघळतं, नखांनी ओढतं. दुसऱ्या दिवशी ओठ सुजून त्यावर पांढरा-पिवळा थर येतो. तो पू नसतो, चावल्याची जखम भरत असते, आठ-दहा दिवसांत जाते. तरी वेळीच आवर घाला: दर पाच मिनिटांनी आरशात ओठ बघू द्या, खाली तोंड करून चित्र काढायला बसवू नका, गाडीत झोपू देऊ नका. बधिरपणा जाईपर्यंत काही चावायला नाही.

त्यानंतर कोमट किंवा गार: दहीभात, मऊ मुगाची खिचडी, नाचणीचं सत्त्व, केळं, चमच्याने आइस्क्रीम. स्ट्रॉ नको, ओढण्याने गुठळी सुटते. शेव, चिवडा, पापड, तीळ तीन-चार दिवस नको, कण खड्ड्यात बसतात. पहिल्या २४ तासांत चूळ भरायची नाही. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवणानंतर हळूच घोळवून सोडायचं. बाकीचे दात त्याच रात्री ब्रशने घासा, फक्त ती जागा सोडून. शाळा दुसऱ्या दिवशी चालेल, पण खेळाचा तास आणि पोहणं एक-दोन दिवस नको.

आता तुमच्या बाबतीतली खास गोष्ट. ती दुसरी दुधाची दाढ आहे आणि मुलगी सहाची आहे. तिच्या खालची कायमची दाढ दहा-बाराव्या वर्षी येईल. तोवर ती जागा रिकामी राहिली तर मागची सहा वर्षांची दाढ पुढे सरकते आणि नव्या दाढेला जागा उरत नाही. सरकणं पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त होतं. म्हणून बुधवारी दात काढण्याआधीच विचारा: जागा धरून ठेवणारी पट्टी बसवायची का, माप कधी घेणार? मागची कायमची दाढ वर आली आहे की नाही यावर पट्टीचा प्रकार ठरतो. ती सिमेंटने चिकटवलेली असते, चिकी किंवा च्युइंगगमने निघते, आणि दर तीन-चार महिन्यांनी तपासावी लागते. खालचा दात डोकावला की काढून टाकतात.

खलबत्ता

१९ किलोला पॅरासिटामॉल २८५ मिलिग्रॅम. २५० च्या बाटलीतून ५.७ मिलिलिटर होतात, साडेपाच द्या. बाटलीवरचा आकडा वाचून मगच.

शुद्धीवर

खर्चाची अडचण असेल त्यांच्यासाठी: शासकीय दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला आहे. तिथे लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग असतो. केसपेपरच्या खिडकीवरच 'मुलांचा विभाग' सांगा, नाहीतर मोठ्यांच्या रांगेत जाल. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्या यादीत दातांची कीडही आहे. त्यांनी चिठ्ठी दिली तर ती जपून ठेवा आणि जिल्हा रुग्णालयात न्या.

कृष्णाकाठ

पट्टीबद्दल आज फोन करून विचारलं. माप आधी, म्हणजे सोमवारीच घेतो म्हणाले. म्हणजे तिची खुर्चीत बसायची एक फेरी आपोआप होईल.

रानजाई

उत्तम. सोमवारी माप घेताना तोंडात लगदा भरलेला ट्रे एक-दोन मिनिटं राहतो आणि उमासा येतो. तिला ताठ बसवून हनुवटी खाली ठेवायला सांगा, नाकाने श्वास, आणि एक पाय थोडा वर उचलून धरायला लावा. लक्ष पायाकडे गेलं की उमासा कमी होतो. आजपासून दोन दिवस ब्रश दाढेपर्यंत नेऊन वीस मोजायचा सराव करा.